विद्यापीठाच्या आवाराची निगा

विद्यापीठ म्हटले म्हणजे ग्रंथ, परीक्षा व पदव्या एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, आणि शेतीच्या मासिकात ह्या विषयाचे काय काम असे पुष्कळ वाचकांस वाटेल. परंतु विद्यापीठाचे आवार ही प्रथमतः जमीन आहे. तिला हद्द आहे, उतार आहे, तिच्यावर झाडे उभी आहेत, पाऊस पडतो आणि तो कोठेतरी वाहून जातो. ती राखण्याचे काम बाराही महिने चालते व ते खातेदार शेतकऱ्यास मुळीच परके नाही. शिवाय आपल्यांपैकी अनेकांची मुले-मुली आता अशा आवारांत शिकतात, आणि सरकारी विद्यापीठांच्या डागडुजीचा बराचसा भार अखेर सार्वजनिक पैशावरच पडतो. तेव्हा हे काम कसे चालते व कोठे बिघडते, हे समजून घेणे अप्रस्तुत होणार नाही.

उदाहरणादाखल पुण्याचे गणेशखिंडीतील विद्यापीठ घेऊ. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत, १८६४ साली, येथे गव्हर्नरांच्या पावसाळी मुक्कामासाठी वाडा बांधण्यास आरंभ झाला व १८७१ साली तो पुरा झाला. त्यावरील खर्च अंदाजाबाहेर गेल्याने त्या काळी पुष्कळ टीकाही झाली. २२ जून १८९७ च्या रात्री ह्याच वाड्यातला राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतत असता रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली, हे वाचकांस माहीत आहेच. पुढे स्वराज्य आल्यावर १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. २०१४ साली त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. आवाराचे क्षेत्र सुमारे ४११ एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने १६,४४० गुंठे. जो वाडा वर्षातून काही महिने एका अधिकाऱ्याच्या वापरासाठी उठविला, तो आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि त्याच्या भोवतालची जमीन हजारो लोकांच्या रोजच्या वहिवाटीत आहे. वापर असा शतपट झाला म्हणजे निगाही त्या मानाने वाढावी लागते.

आता पावसाचा हिशेब करू, कारण सर्व निगेचे मूळ तेथे आहे. पुण्यास सरासरीने सुमारे २८ इंच पाऊस पडतो. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर पाणी होते. ह्या प्रमाणाने ४११ एकरांवर एका वर्षात जवळजवळ ११८ कोटी लिटर पाणी उतरते. छपरापुरतेच पाहू म्हटले तरी एक गुंठा छपरावर वर्षाकाठी सुमारे ७२ हजार लिटर पडते. एवढ्या पाण्यास वाट कोणती दिली आहे, हा पहिला प्रश्न. शेतात आपण बांध, चर व सांडवा करतो, तद्वतच आवारात पन्हळी, गटारे, पुलाखालच्या मोऱ्या व शोषखड्डे असतात. गणेशखिंड हे नावच सांगते की ही जागा टेकड्यांच्या मधली आहे. अशा चढउताराच्या जागेत मोकळ्या भागी समतल चर घेतले तर माती जागेवर राहते व पाणी मुरते. न घेतले तर तेच पाणी रस्त्यावर येते, डांबर उखडते आणि सखल भागातील इमारतीच्या पायाशी जाऊन बसते.

हे काम मृगापूर्वी झाले पाहिजे. पाऊस सुरू झाल्यावर पन्हळ साफ करण्यास माणूस चढविणे म्हणजे पीक गेल्यावर राखण बसविण्यासारखे आहे. माझ्या नोकरीच्या काळात एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीच्या पन्हळीत पाला साचून राहिला होता. ती साफ करण्यास दोन मजुरांची एका दिवसाची मजुरी पुरली असती. मागणीपत्र वरच्या कचेरीत दोन पावसाळे पडून राहिले. तिसऱ्या पावसाळ्यात पाणी भिंतीवाटे दफ्तरखान्यात उतरले व फेरफाराच्या वह्यांचे गठ्ठे भिजले. त्या सुकवून नकला करण्यास तीन कारकुनांचा सव्वा महिना गेला, आणि काही पाने तरी वाचता न येण्याजोगी झालीच. त्या पानांवर ज्यांच्या वारसांच्या नोंदी होत्या, त्यांनी पुढे किती खेटे घातले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. नव्या इमारतीस कोनशिला बसते व समारंभ होतो. पन्हळ साफ केल्याचा समारंभ कोणी करीत नाही, म्हणूनच त्या कामाचा पैसा सर्वांत आधी कापला जातो.

दगडी इमारतींचा आणखी एक शत्रू आपल्या गावच्या देवळांवरही दिसतो. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-वडाचे बी सांध्यात पडते व पहिल्या पावसात दोन पानांचे रोप डोके काढते. त्या वेळी ते चिमटीने मुळासकट निघते. दोन वर्षे गेली की मूळ दगडामागे शिरते, आणि मग नुसते वरून छाटले तर ते अधिकच जोमाने फुटते. काळा दगड स्वतः फारसे पाणी पीत नाही. भिंतीतील ओल सांध्यांतील चुन्यावाटे बाहेर पडत असते. हल्लीचे गवंडी घाईने त्या सांध्यांत सिमेंट भरतात. ते कठीण असल्याने ओलीची वाट बंद होते व ती आतल्या अंगास गिलाव्यावर फुटते. जुन्या इमारतीस चुनाच हवा, मग त्यास वेळ लागो.

आता पाल्याचा विषय. अशा जुन्या आवारांतून वड, चिंच, आंबा ह्यांबरोबर विलायती शिरीष पुष्कळ आढळतो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेकडील. ह्याचा विस्तार फार मोठा, पाने सायंकाळी व ढगाळ हवेत मिटतात, आणि शेंगा गोडसर असल्याने गुरे आवडीने खातात. तो द्विदल वर्गातील असल्यामुळे त्याच्या पाल्यात नत्राचा अंश बरा असतो. माघ-फाल्गुनात पानगळ झाली म्हणजे रस्ते पाल्याने भरून जातात, आणि कित्येक ठिकाणी झाडणारा माणूस त्याचे ढीग करून काडी लावून मोकळा होतो. ह्यासारखे दुसरे नुकसान नाही. जमिनीतून झाडाने वर आणलेले द्रव्य धुरात जाते व खाली जी राख उरते ती वाऱ्याने उडते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून, किरकोळ जाळणाऱ्यास ५ हजार व मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५ हजार रुपये दंड ठरविला. दंडाची भीती असो वा नसो, जो पाला फुकट मिळतो तो जाळून नंतर बागेसाठी खताच्या गोण्या विकत आणणे हा व्यवहार कोणत्याही कुणब्यास पटणार नाही.

पाल्याचे खत करण्याची रीत नवी नाही. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४ ते १९३१ ह्या काळात जी पद्धत बसविली, ती इंदूर पद्धत म्हणून प्रसिद्धच आहे, आणि आवारास ती चांगली लागू पडते. सुका पाला एकटा लवकर कुजत नाही, कारण त्यात कर्ब फार व नत्र थोडे. त्याच्या थरांमध्ये हिरवळीवरचे कापलेले ताजे गवत, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील भाजीचा कचरा, आणि मिळेल तर शेणकाला घातला म्हणजे प्रमाण जमते. थरांवर थोडी माती व राख शिंपडावी. खड्डा फार खोल नसावा, नाही तर तळाशी हवा न जाऊन माल आंबतो. ओल इतकी असावी की मुठीत दाबले असता तळहात ओलसर व्हावा, पण थेंब गळू नये. पंधरवड्याने, महिन्याने व दोन महिन्यांनी अशी तीनदा उलथापालथ केली की सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. फाल्गुनातला पाला ज्येष्ठात झाडांच्या आळ्यांत पडतो, म्हणजे वेळही साधते. अडचण एकच. उन्हाळ्यात ढिगास पाणी द्यावे लागते, आणि त्याच दिवसांत आवारात पाण्याची ओढ असते. ह्यास उपाय म्हणजे वसतिगृहांचे सांडपाणी शुद्ध करून ढिगांस व बागेस देणे.

गवताविषयी मात्र आमचे मत थोडे वेगळे आहे. ज्या हरळीने आपल्या कित्येकांच्या काळ्या जमिनी खाल्ल्या व जी खणून काढताना बैल आणि माणसे थकली, तीच हरळी येथे मुद्दाम लावतात! खेळाच्या मैदानावर ते योग्यच आहे, कारण पेऱ्या-पेऱ्यास मूळ धरणारे, तुडविले तरी न मरणारे असे दुसरे गवत नाही. मात्र मैदानाचा मध्य किंचित उंच ठेवून पाणी कडेस काढून द्यावे लागते. परंतु निव्वळ शोभेसाठी एकरच्या एकर हिरवळ राखणे आम्हांस पसंत नाही. उन्हाळ्यात आठवड्यास एक इंच पाणी दिले, तर एका एकरास एक लाख लिटरांहून अधिक लागते. अडीच-तीन आठवड्यांत तेवढ्या पाण्यावर एका एकर बागाइताची एक पाळी होते. त्यापेक्षा झाडाखाली पाल्याचे आच्छादन ठेवलेली जमीन कमी देखणी दिसली तरी चालेल.

गाजरगवताचा मात्र येथे विशेष उल्लेख केला पाहिजे, कारण ह्या देशात त्याचा बोभाटा झाला तो पुण्यापासूनच. १९५५ च्या सुमारास ते तेथे प्रथम नजरेस आले. एकेक रोप हजारो बी टाकते, त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगास खाज व पुरळ उठते, व परागाने दमाही होतो. १९८४ साली त्यावर मेक्सिकोतील एक भुंगा मुद्दाम आणून सोडला गेला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो, पण त्यावर सर्वस्वी भिस्त ठेवता येत नाही. फूल येण्यापूर्वी, जमीन ओली असता, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हाच खात्रीचा मार्ग. फूल आल्यावर उपटून कडेला टाकले तर बी तेथेच पिकून पडते.

झाडांचे काम सर्वांत जोखमीचे आहे, कारण त्यांखालून माणसे जातात. गुलमोहर हा मादागास्करचा पाहुणा फुलतो सुंदर, पण त्याच्या मुळ्या उथळ व लाकूड ठिसूळ, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात तो आधी पडतो. वाळलेल्या फांद्या, बुंध्यातील पोकळी, एका अंगास आलेला झोक, हे दर वर्षी चैत्रात झाडोझाड फिरून पाहिले पाहिजे. पदपथ करताना बुंध्यापर्यंत काँक्रीट भरण्याची जी चाल पडली आहे, ती झाडाचा गळा दाबण्यासारखी आहे. निदान चार-साडेचार फूट माती चहूकडे मोकळी ठेवावी. शहर हद्दीत झाड तोडण्यास १९७५ च्या राज्य कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, दर पाच वर्षांनी वृक्षगणनाही करावयाची असते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्यांवरील झाडांस वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळाले. तेव्हा कोणते झाड किती वर्षांचे, हे आता कागदोपत्री सांगता आले पाहिजे.

येथे एका जुन्या कारकुनास आपले म्हणणे मांडण्याची जागा सापडते. आवार बिघडते ते पैशाअभावी, असे सर्व म्हणतात. पैसा लागतोच. पण माझ्या समजुतीने त्याहून मोठे कारण नोंदीचा अभाव हे आहे. जमिनीखालून नळ कोठून गेला, कोणता वाल कोणत्या हौदाचा, जुनी मोरी कोठे बुजली, हे सर्व एखाद्या जुन्या माळ्यास किंवा नळकाम करणाऱ्यास तोंडपाठ असते. तो निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. मग एक गळती शोधण्यासाठी तीन ठिकाणी रस्ता खणतात आणि तीन झाडांच्या मुळ्या तोडतात. हल्ली पुष्कळ संस्थांत ही कामे ठेक्याने देतात. ठेकेदाराची माणसे वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, म्हणून नोंद ठेकेदाराकडे न राहता संस्थेच्या दफ्तरी राहिली पाहिजे. माळी कागदावर लिहील अशी अपेक्षा नसावी. त्याने चालत चालत दाखवावे व लिहिणाऱ्याने त्याच्यामागून फिरून लिहावे. पीकपाहणी आम्ही अशीच करीत असू, व जो चावडीत बसून भरीत असे त्याची पाहणी पहिल्याच तंट्यात उघडी पडे.

अशी नोंदवही ठेवण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही, आणि ज्यांची पाच-पन्नास एकर बागाइत आहे त्यांनाही ती उपयोगी पडेल. एका भागात झाडे: अनुक्रम, जात, बुंध्याचा घेर, जागा, पाहणीची तारीख व शेरा. दुसऱ्यात पाण्याच्या वाटा: नळ, वाल, चर, मोऱ्या, प्रत्येकाचे अंतर इमारतीच्या कोपऱ्यापासून किंवा हद्दीच्या दगडापासून मोजून. तिसऱ्यात हद्दीचे दगड स्वतः, कारण मोठ्या जमिनीचे अतिक्रमण एका दिवसात होत नाही. आधी दगड हलतो, मग कुंपण, मग टपरी उभी राहते. दर वर्षी दिवाळीनंतर गवत वाळले म्हणजे हद्द एकदा पायी फिरून प्रत्येक दगडासमोर तारीख घालावी. जो दगड सापडला नाही त्याचा अर्ज त्याच आठवड्यात भूमी अभिलेख कचेरीकडे मोजणीसाठी करावा.