गच्चीवरची वीज घरात घेताना

गच्ची म्हणजे आपल्या बायकांचा हक्काचा प्रांत. पापड, कुरडया, गाद्या, वर्षाच्या मिरच्या, सगळ्यांना ऊन तिथेच मिळतं. आता त्याच गच्चीवर काळ्यानिळ्या काचांची पॅनेलं चढू लागली आहेत. हळदीकुंकवालासुद्धा गप्पा त्याच, तुमचा संच किती किलोवॅटचा, अनुदान जमा झालं का, बिल कितीवर आलं? फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सूर्यघर योजना आणली आणि तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान ठरवलं, तेव्हापासून तर ही लाट जास्तच आली. पण वरची वीज खाली आपल्या वायरिंगला नेमकी कुठे आणि कशी जोडली, हे विचारणारी बाई मला क्वचितच भेटते. "ते सगळं हे बघतात" म्हणून आपण चहा टाकायला आत जातो.

मीही गेलेच होते. आधण ठेवलं तोच कारागिराचा आवाज कानावर आला, "साहेब, खाली मीटरपर्यंत वायर ओढायची म्हणजे साठ फूट जाईल. वरच्या खोलीत हीटरचा पॉइंट आहे ना, त्यातच देतो जोडून. वीज काय, कुठूनही घरात आली म्हणजे झालं!"

ह्यांना ते पटलं होतं. खर्च वाचत होता, भिंत फोडावी लागणार नव्हती. पण आमच्या शेजारी एक काका राहतात, वीजमंडळात लाइनमन होते. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. बंद केलेल्या लाइनवर काम करताना एका मंगल कार्यालयाच्या जनरेटरची वीज उलटी तारेत आली, त्यात ती गेली. लग्नघरात वाजंत्री चालू होती आणि खांबावर हा माणूस लटकत होता. त्या हातामुळेच असेल, मी म्हटलं, "थांबा जरा. काकांना बोलावते."

काकांनी मला जे समजावलं, ते तुम्हालाही सांगते. कठीण नाही.

घराच्या प्रत्येक वायरीवर बोर्डात एक एमसीबी असतो. वायर सोसेल त्याहून जास्त प्रवाह झाला की तो पडतो. आमच्या हीटरच्या लाइनला वीस अँपिअरचा होता आणि वायरही तेवढ्याच ताकदीची. आता त्याच लाइनच्या मधोमध सोलर जोडलं तर? खालून एमसीबीतून वीस येऊ शकतात, वरून तीन किलोवॅटचे तेरा. जोडाच्या पुढच्या वायरीतून तेहेतीस अँपिअर वाहतील, आणि एमसीबी मात्र शांत बसेल, कारण त्याच्यातून वीसच जाताहेत! वायर भिंतीच्या आत तापत राहणार, आणि आपल्याला कळणार वास आल्यावर.

म्हणून सोलरची वायर स्वतंत्र हवी. ती थेट खाली मीटरशेजारच्या मुख्य बोर्डापर्यंत यायला हवी, आणि तिथे तिचा स्वतःचा ब्रेकर हवा. सॉकेटमध्ये पिन खोचून सोलर जोडून देणारे महाभागही आहेत. त्यांना दारातूनच नमस्कार करा.

दुसरी गोष्ट लाइनमनच्या जिवाची. रस्त्यावरचं रोहित्र अकरा हजार व्होल्टचे आपल्यासाठी दोनशेतीस करतं, हे आपण जाणतो. पण ते उलटंही चालतं. घरातून दोनशेतीस मागे गेले तर पलीकडच्या तारेत हजारो व्होल्ट उभे राहतात. म्हणून लाइन गेली की सोलरचा इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत आपोआप बंद व्हावा लागतो. चांगल्या, मान्यताप्राप्त इन्व्हर्टरमध्ये ही सोय असतेच. "एवढं ऊन आहे, मग लाइट का गेले?" असा प्रश्न शेजारच्या वहिनींनी मला दोनदा विचारला. त्याचं उत्तर हे आहे. ते बिघडलेलं नसतं, शहाण्यासारखं वागत असतं. कुणी "थोडी जुळवाजुळव करून लाइन नसतानाही चालू ठेवून देतो" म्हणालं, तर काकांची बोटं आठवा. लाइन नसताना वीज हवीच असेल तर बॅटरीवर चालणारा वेगळ्या जातीचा संच मिळतो. तो सुरुवातीलाच मागून घ्यावा.

घरात आधीचा बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर आणखी जपा. सोलरची वायर त्याच्या पुढच्या, म्हणजे दिवे-पंख्यांच्या बाजूला कधीही जोडू देऊ नका. लाइन गेल्यावर सोलरला वाटतं, हीच मंडळाची वीज, आणि ते त्यातच वीज ढकलू लागतं. तिला जायला वाट नसते. मग दोन्हींपैकी एक यंत्र तरी जातं.

आता गच्चीकडे. घरातलं बटण बंद केलं की वीज बंद, ही आपली पन्नास वर्षांची सवय. पॅनेलला ती लागू नाही. ऊन आहे तोवर त्यात वीज आहेच. सहा पॅनेलं एकामागे एक जोडली की जवळजवळ तीनशे व्होल्ट होतात, आणि तेही डीसी. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी पडली तरी विझायला वाव असतो. डीसीची ठिणगी तशीच जळत राहते. म्हणून त्या बाजूचे ब्रेकर खास डीसीचे लागतात, साधे चालत नाहीत. हे बिलावर लिहिलंय का, ते बघा. वायरींची जोडणी चालू उन्हात ओढून काढायची नाही. त्या वायरींवर कपडे वाळत घालायचे नाहीत. (हे मी आमच्या कामवालीला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं लुगडं तिथेच वाळताना दिसलं. घातलं होतं सासूबाईंनीच!) उंदीर आणि माकडं वायर कुरतडतात, तेव्हा ती पाइपातूनच गेलेली बरी. काच तडकलेलं पॅनेल ओल्या हाताने पुसायला जाऊ नका.

अर्थिंगच्या बाबतीत कारागीर सगळ्यात जास्त हात आखडता घेतात, कारण ते जमिनीत जातं, दिसत नाही. पॅनेलच्या चौकटी, इन्व्हर्टर आणि वीजरोधक यांची अर्थिंग नीट हवी, आणि वीजरोधकाचा खड्डा तर वेगळाच हवा. आमच्याकडे तीन खड्डे झाले. अंगणातला मोगरा एक हात सरकवावा लागला. काकांनी मोजायचं यंत्र आणायला लावलं. पाच ओहमच्या आत आकडा आला तेव्हाच त्यांनी चहाला हात लावला.

आणि घाई नको. संच बसला की लगेच चालू करायचा मोह होतो. पण महावितरणची तपासणी होऊन नेट मीटर लागेपर्यंत थांबा. पुष्कळ साध्या मीटरना वीज आली की गेली हे कळत नाही, दोन्ही ते आपल्याच खाती मांडतात. वीज आपण द्यायची आणि बिलही आपणच भरायचं! आमच्या ओळखीच्या एका घरी असं झालं होतं.

नेट मीटर लागलं त्या दिवशी काकांनी आधी मीटरजवळच्या स्विचला कुलूप घालायला जागा आहे का ते पाहिलं, "इथे दोन्हीकडून वीज येते" अशी पाटी लावायला सांगितली, आणि मग भर बारा वाजता मला मेन स्विच बंद करायला लावलं. जिन्यातल्या इन्व्हर्टरचा हिरवा दिवा तत्काळ गेला. परत चालू केल्यावर तो लगेच लागला नाही, मिनिटभर थांबून लागला.

"हं," काका म्हणाले, "आता टाका चहा."