नेटपॅकची पुडी महाग का पडते?

आंबिवलीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. शहाड आणि टिटवाळा यांच्या मधलं आमचं स्टेशन. आज विषय रिचार्जचा आहे. हसू नका, रिचार्ज मारणं म्हणजे दुकानदाराला नंबर सांगून पैसे देणं एवढंच, असं आम्हालाही वाटायचं.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. महिन्याचे दीड हजार चालू राहायचे तर आपला आधार नंबर आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर टाकून, आलेला ओटीपी भरून हे काम करायचं होतं. आमच्या गटातल्या एक मावशी तीन रात्री फोन घेऊन बसल्या. घरात स्मार्टफोन एकच. दिवसभर तो नवऱ्याबरोबर कामावर जातो, संध्याकाळी मुलाच्या हातात, आणि भांडी घासून झाली की साडेदहाला मावशींच्या हातात. पान उघडेना. गोल चक्र फिरत राही. ओटीपी यायचा, पण तो टाकायचं पान येईपर्यंत त्याची मुदत संपायची. चौथ्या दिवशी त्यांनी एका दुकानात शंभर रुपये देऊन काम करून घेतलं आणि बैठकीत म्हणाल्या, "मला काही हे जमत नाही, मी अडाणी."

आम्ही फोन हातात घेऊन पाहिलं. मावशींना सगळं जमत होतं. फोनमध्ये रोज दीड जीबीचा पॅक होता आणि तो रोज सात-साडेसातलाच संपत होता.

इथे थोडं थांबून समजून घेऊ. रोजचा डेटा संपला की बहुतेक पॅकांत नेट पूर्ण बंद होत नाही, त्याचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे किती? एक एमबी उतरायला दोन मिनिटं लागतात. हल्लीचं साधं सरकारी पानही दोन-तीन एमबीचं असतं. म्हणजे एक पान उघडायला पाच-सहा मिनिटं, तीही मध्येच तुटलं नाही तर. वर फोनच्या कोपऱ्यात नेटची खूण दिसतच असते, त्यामुळे बाईला वाटतं नेट आहे, आपलंच काहीतरी चुकतंय. आणि रात्री बाराला नवा डेटा मिळतो, तेव्हा मावशी झोपलेल्या असतात. पाण्याच्या टाकीसारखंच आहे हे. सगळ्यात शेवटी आंघोळीला जाणारीला बादलीच्या तळाचं पाणी.

आता भावाकडे येऊ. विजेचा मीटर आपल्या सगळ्यांना कळतो. जितकी युनिटं जाळाल तितके पैसे. त्यातही महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांचा दर सगळ्यात कमी असतो, त्यापुढे दर चढत जातो. दोन बल्ब आणि एक पंखा लावणाऱ्या घराला युनिट स्वस्त, एसी लावणाऱ्याला महाग. नेटचं गणित याच्या बरोबर उलटं आहे, आणि आमचं आजचं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. जी कमी डेटा घेते, तिला एक जीबी महाग पडतो.

हिशोब करून दाखवतो, वही-पेन असेल तर घ्या. २०२४ च्या जुलैत तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यानंतरचे जिओचे दर धरू. आज दुकानात आकडे थोडे वेगळे असतील, पण रीत तीच आहे. सगळ्यात छोटा पॅक १८९ रुपयांचा, २८ दिवस, सगळे मिळून दोन जीबी. म्हणजे एक जीबी पडला साडेचौऱ्याण्णव रुपयांना. दुसरा पॅक २९९ रुपयांचा, २८ दिवस, रोज दीड जीबी. म्हणजे ४२ जीबी, एक जीबी पडला सात रुपयांना.

कुणी म्हणेल, १८९ मध्ये बोलणं पण फुकट आहे की, सगळे पैसे डेटाच्या नावावर का टाकता? बरोबर आहे. म्हणून आम्ही बोलण्याचे पैसे बाजूला काढून पाहिले. नुसत्या बोलण्याच्या पॅकचा भाव धरला तर २८ दिवसांचे दीडशे रुपयांच्या आसपास होतात. ते वजा केले तर छोट्या पॅकात दोन जीबीचे उरतात चाळीस, म्हणजे जीबीला वीस रुपये. मोठ्या पॅकात ४२ जीबीचे उरतात दीडशे, म्हणजे जीबीला साडेतीन रुपये. तरीही पाचपटीहून जास्त फरक.

ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. पंधरा किलोचा तेलाचा डबा घेणारीला तेल स्वस्त पडतं आणि वाण्याकडून दहा रुपयांचं सुटं तेल घेणारीला महाग. शांपूची पुडी, साबणाची छोटी वडी, सगळं तसंच. डबा स्वस्त पडतो हे काय आपल्याला कळत नाही? कळतं. पण डब्याचे पैसे एकदम हातात नसतात.

कंपन्यांची बाजूही सांगायला हवी. टॉवर उभा करायचा, त्याला वीज द्यायची, लहरींसाठी सरकारला पैसे भरायचे. हा खर्च आपण दोन जीबी वापरले काय आणि वीस वापरले काय, जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून प्रत्येक सिमकार्डामागे काही किमान रक्कम मिळावी असं त्या बघतात. ते समजण्यासारखं आहे. न पटणारी गोष्ट अशी की ही किमान रक्कमच हळूहळू वर सरकत चालली आहे. जुलै २०२४ आधी तोच १८९ चा पॅक १५५ ला होता. २९९ चा २३९ ला होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये रोज एक जीबीवाला २४९ चा पॅक जिओ आणि एअरटेलच्या ऑनलाइन यादीतून गेला.

आणि विजेसारखं इथे दाद मागायला जाता येत नाही. विजेचा दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, त्याआधी जनसुनावणी होते, कुणीही जाऊन बोलू शकतं. मोबाइलचे दर कंपन्या स्वतः ठरवतात आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, कळवतात. ट्राय दर ठरवत नाही, नियम करते.

जुन्या काळापेक्षा नेट स्वस्त झालंय, हे खोटं नाही. २०१६ च्या आधी एका जीबीला दोनशे-अडीचशे रुपये पडायचे. त्या वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि भाव कोसळले. त्याच्या थोडं आधी फेसबुकनं 'फ्री बेसिक्स' आणलं होतं. नेट फुकट, पण कंपनी ठरवेल तेवढीच पानं. ट्रायनं ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम करून ते थांबवलं. आमच्या मते चांगलं केलं. गरिबाला अर्धं दार आणि श्रीमंताला पूर्ण दार, हे चालू झालं असतं तर मागे फिरवणं कठीण होतं. पण दार पूर्ण असून चालत नाही, आत जायचं तिकीटही परवडलं पाहिजे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभरातल्या ३३ बायकांनी आणि ५७ पुरुषांनी कधीतरी नेट वापरल्याचं सांगितलं. नेट स्वस्त होऊन तीन-चार वर्षं झाल्यानंतरचे आकडे आहेत हे. कारणं पुष्कळ आहेत, फोन कुणाच्या नावावर, कुणाच्या हातात, घरात काय म्हणतात. पण पैसा त्यात नाही असं कुणी सांगू नये.

मोहोन्याची एन.आर.सी. कंपनी २००९ साली बंद पडली. तिथला महिन्याचा पगार गेला आणि आमच्या भागातल्या कितीतरी घरांत रोजावर आणि आठवड्यावर पैसे येऊ लागले. रोजावर पैसे येणाऱ्या घरात २८ दिवसांचा रिचार्जसुद्धा मोठा वाटतो, मग ८४ दिवसांचा कोण घेणार?

२८ दिवसांची गंमत लक्षात घ्या. महिना म्हणून आपण जो पॅक घेतो तो चार आठवड्यांचा असतो. वर्षाचे ३६५ दिवस भागिले २८, म्हणजे तेरा रिचार्ज. महिने बारा, रिचार्ज तेरा. दिवाळीचा महिना असो नाहीतर शाळेच्या वह्यांचा, तेरावा रिचार्ज कुठेतरी येऊन पडतोच. यावर ट्रायनं २०२२ च्या जानेवारीत नियम केला की प्रत्येक कंपनीनं निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवावा. दुकानात तो आपणहून कुणी दाखवत नाही. मागावा लागतो.

तसाच दुसरा नियम. ज्या आजींकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांना नेट लागतच नाही, तरी पॅकबरोबर त्याचे पैसे द्यावे लागत होते. २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायनं सांगितलं, नुसतं बोलणं आणि मेसेज असा पॅक ठेवा. ठेवला. पण कसा? जिओचा ४४८ रुपयांना, एअरटेलचा ४६९ ला, दोन्ही ८४ दिवसांचे. २८ दिवसांना दीडशे, म्हणजे स्वस्तच की. पण साडेचारशे एकदम आणायचे कुठून? आमच्या शेजारच्या एक आजी आजही छोटाच पॅक मारतात. पोरगा पाठवेल तसे पैसे येतात, तसा रिचार्ज होतो. न वापरलेलं नेट दर २८ दिवसांनी वाया.

इथे बचत गटाचं काम येतं, असं आम्हाला वाटलं. आपण शिलाई मशीनला, शाळेच्या फीला उचल देतो, तर रिचार्जला का नाही? गटात आधी वाद झाला. एक ताई म्हणाल्या, रील बघायला गटाचे पैसे द्यायचे काय? दुसरी म्हणाली, माझी मसाल्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, दोन दिवस नंबर बंद होता तर गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. शेवटी वही काढली. २९९ चे तीन रिचार्ज म्हणजे ८९७. तेवढ्याच डेटाचा ८४ दिवसांचा पॅक तेव्हा ७९९ ला होता. वाचले ९८. गटाकडून ही उचल दोन टक्क्यांनी घेऊन तीन हप्त्यांत फेडली तर व्याज होतं साधारण ३२ रुपये. तरी ६६ रुपये हातात राहतात, आणि व्याज गटातच राहतं. पाच जणींनी तशी उचल घेतली. एकीचा हप्ता एकदा थकला, बाकी ठीक चाललंय.

घरातला डेटा रात्रीपर्यंत पुरवायचा तर फोनमधली एक खोड काढा. व्हॉट्सॲपवर येणारे फोटो, आणि सेटिंग तसं असेल तर व्हिडिओही, आपण बघो न बघो, आपोआप उतरतात. सेटिंग्जमध्ये जाऊन 'स्टोरेज आणि डेटा' उघडा, तिथे मीडिया आपोआप डाउनलोड होण्याचा पर्याय बंद करा. यूट्यूब बघताना चित्राची प्रत खाली आणा. एक तास बारीक चित्रात बघितलं तर शंभर एमबीच्या आसपास जातात, स्वच्छ मोठ्या चित्रात तोच तास एक जीबीच्या वर खातो. मुलाचा शाळेचा व्हिडिओ १४४ वर नको, फळ्यावरचं दिसायला हवं. पण गाणी ऐकायला १४४ पुष्कळ झाली. आणि महत्त्वाचं काम असेल त्या दिवशी ते सकाळी, फोन घराबाहेर पडण्याआधी करा. मावशींच्या घरात आता शनिवारी सकाळचा अर्धा तास फोन त्यांचा, असं ठरलंय. तेवढ्यावरूनही दोन दिवस कुरकुर झाली म्हणे.

ज्या स्टेशनांवर रेलटेलचं वाय-फाय आहे तिथे रोज पहिला अर्धा तास फुकट असतं. फॉर्म बघायला, यादी उतरवायला चांगलं. बँकेचं काम मात्र अशा उघड्या वाय-फायवर करू नका.

घरच्या वाय-फायचं बऱ्याच जणी विचारतात. महिन्याला ३९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७१ रुपयांत घरभर नेट, आणि डेटाही इतका की साध्या घराला संपवता येणार नाही. दहा जणींत वाटलं तर ४७ रुपये. पण चाळीत कनेक्शन कुणाच्या नावावर घ्यायचं? भाड्याची खोली असेल तर मालक वायर ओढू देईल का? शिवाय आपल्या नावावरचं कनेक्शन पैसे घेऊन दुसऱ्यांना देणं नियमात बसत नाही, आणि त्यावरून कुणी काही वेडंवाकडं केलं तर विचारणा आपल्याला होते.

यावर एक सरकारी वाट आहे, पीएम-वाणी. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं ती मंजूर केली. आठवतं का, पूर्वी पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ असायचा, एक रुपयाचं नाणं टाकून बोलायचो? तसंच नेटचं. किराणा दुकान, चहाची टपरी, बचत गटसुद्धा आपलं कनेक्शन वाय-फाय म्हणून छोट्या छोट्या रकमेत विकू शकतो. त्याला लायसन्स लागत नाही, फीही नाही. फक्त दूरसंचार विभागाकडे नोंदलेल्या एखाद्या मोठ्या पुरवठादाराशी जोडून घ्यावं लागतं, तो लोकांचं लॉगिन आणि हिशोब सांभाळतो. अडचण अशी होती की कंपन्या अशा दुकानांना धंद्याचा मोठा दर लावत. २०२५ च्या जूनमध्ये ट्रायनं मर्यादा घातली, २०० एमबीपीएसपर्यंतच्या कनेक्शनला घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचं नाही.

म्हणजे दुपटीनं धरलं तरी महिन्याला साडेनऊशेच्या आत. रोज दहा बायकांनी पाच-पाच रुपयांचं नेट घेतलं तर महिन्याचे दीड हजार होतात. पुरवठादाराचा वाटा, राउटरचे पैसे आणि लाईट बिल त्यातून जायचं. कागदावर जुळतंय. पण रोज दहा बायका येतील का, हे कागद सांगत नाही. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांचा प्रश्न तर यातून सुटतच नाही.

आमच्या पिठाच्या गिरणीवाल्या भाऊंना आम्ही विचारलंय. दळण होईपर्यंत बाया तिथे वीस-पंचवीस मिनिटं बसतातच. ते म्हणाले, आधी पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते बघा, मग बोलू. म्हणून सध्या आम्ही लाईट जाण्याच्या वेळा वहीत लिहून ठेवतोय.