हॉटेल की घरगुती निवास : निवडीमागील अर्थकारण

प्रवासात मुक्काम कोठे करावा, या प्रश्नाला पूर्वी धर्मशाळा, विश्रामगृह वा हॉटेल एवढीच उत्तरे होती. आता अल्प मुदतीसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरांची त्यात भर पडली आहे. या निवडीकडे बहुधा केवळ भाड्याच्या तुलनेतून पाहिले जाते; वस्तुतः खर्चाची रचना, कर, नियमन आणि स्थानिक रोजगार हे सर्व प्रश्न तिच्याशी निगडित आहेत.

हॉटेलला अहोरात्र स्वागतकक्ष, सफाई कर्मचारी व स्वयंपाकघर चालवावे लागते. खोली रिकामी राहिली तरी हा खर्च टळत नाही. घरमालकाजवळ खोली आधीच असते, त्यामुळे त्याचा अतिरिक्त खर्च अल्प असतो. पाच जणांचे कुटुंब चार दिवस राहणार असेल, तर स्वयंपाकाची सोय असलेले घर बहुधा किफायतशीर ठरते. मध्यरात्री पोहोचून सकाळी निघणाऱ्या एकट्या प्रवाशाला मात्र हॉटेलच सोयीचे.

घरगुती निवास करमुक्त असतो, हा समज अपुरा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के व त्याहून अधिक भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागू आहे. बहुतेक राज्यांत वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा कमी असलेल्या सेवापुरवठादारास नोंदणीची सक्ती नाही. परंतु खोली ऑनलाइन मंचामार्फत दिली गेल्यास, कायद्याच्या कलम ९(५) अन्वये त्या मंचालाच कर भरावा लागतो.

परीक्षार्थींनी येथे संज्ञांमधील भेदही ध्यानात घ्यावा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या 'अतुल्य भारत' बेड अँड ब्रेकफास्ट/होमस्टे योजनेत मालकाचे कुटुंब त्याच घरात राहत असणे आवश्यक असते. खोल्या १ ते ६ असाव्यात आणि श्रेणी 'सुवर्ण' वा 'रौप्य' अशी दिली जाते. दिल्लीने २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांपूर्वीच, २००७ मध्ये, अशा निवासांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र कायदा केला. मालक परगावी आणि किल्ली रखवालदाराकडे, अशी सदनिका याच नावाने सर्रास खपवली जाते. तिला या अर्थाने होमस्टे म्हणता येणार नाही. परदेशी पाहुणा आल्यास २४ तासांत त्याची माहिती प्रशासनाला देण्याचे बंधन मात्र हॉटेल व घर दोहोंना सारखेच आहे.

या पद्धतीचे खरे सामर्थ्य पाहावयाचे तर लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबक गावाकडे वळावे लागेल. हिमबिबट्या गोठ्यात शिरून शेळ्यामेंढ्या मारी आणि गावकरी त्याला शत्रू मानीत. गिर्यारोहक तंबू व शिधा सोबत आणत, त्यामुळे गावाच्या पदरी फारसे काही पडत नसे. या शतकाच्या आरंभी तेथे घरगुती निवास सुरू झाले. पाहुणे घरोघरी पाळीपाळीने पाठवले जातात, जेणेकरून एकाच धनिक घराकडे मिळकत एकवटू नये. उत्पन्नाचा काही भाग गावाच्या संवर्धन निधीत जातो. ज्या प्राण्यामुळे नुकसान होई, त्याला पाहण्यासाठीच आता पाहुणे येतात. हॉटेल उभारून हे साधले नसते.

असे अनुभव जमेस धरूनच धोरण आखले जात असावे. २०२४ मध्ये आरंभ झालेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात आदिवासी भागांत १,००० होमस्टे उभारण्याचे उद्दिष्ट आहे, तर २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जे घोषित झाली.

शहरांतील चित्र वेगळे आहे. तेथे पर्यटकाला दिलेली सदनिका रहिवाशाला मिळत नाही. स्पेनमधील बार्सिलोना शहराने जून २०२४ मध्ये पर्यटक-सदनिकांचे सर्व १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचा निर्णय जाहीर केला तो याच कारणाने.