गूगलवर पहिला नंबर विकत मिळतो काय?

"तुमची वेबसाईट गूगलवर पहिल्या नंबरावर आणतो," असे सांगून आगाऊ रक्कम मागणारे एजंट आम्हा कापड व्यापाऱ्यांकडेही येतात. व्यापारी बांधवांनी आधी हा हिशेब समजून घ्यावा.

१९९४ साली सुरू झालेल्या याहूच्या डिरेक्टरीत माणसे साईट तपासून वर्गवार लावीत. पुढे व्यापारी साईटकडून तपासणीची फीही घेत. ती २०१४ मध्ये बंद झाली. १९९८ साली निघालेल्या गूगलची रीत निराळी. त्याचा प्रोग्रॅम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पाने वाचतो व नोंदवतो. या नोंदीला पैसे पडत नाहीत. ग्राहकाने विचारलेले पानावर आहे काय, आणि इतर चांगल्या साईट त्या पानाची लिंक देतात काय, यांसारख्या गोष्टींवरून नंबर लागतो. चार भले लोक नाव घेतात त्या दुकानाची साख वाढते, तसेच हे.

खोटी साख टिकत नाही. अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानासाठी भलत्याच साईटवर लिंक पेरल्याचे फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले. गूगलने त्याला खाली ढकलले.

पैसे देऊन मिळते ती जाहिरातीची जागा. तिच्यावर तसे लिहिलेले असते. पैसे थांबले की जागा गेली. पहिल्या नंबराची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गूगलच सांगते.

तेव्हा 'उत्तम माल' एवढेच न लिहिता सूत, पन्हा, भाव व गाव लिहावे. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद मोफत करावी. मापात राखतो ती ईमानदारी इथेही राखावी. बरकत तिच्यातच आहे.