सरकीतली अळी आणि कापसाचा भाव

नांदेड-लातूरकडे कापूस घेताना केवळ वरची पांढरी झळाळी पाहून भाव ठरवू नका. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसून सरकी खाते. बाहेरून बोंड बरेचदा निरोगीच दिसते. फुटल्यावर मात्र डागाळलेली कवडी निघते. मूठभर कापूस सोलून पाहा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या सापडल्या, तर ती या अळीची खूण समजा. अशा मालात रुई कमी, सरकीचे तेलही कमी. पिंजारी बांधवांनीही हे ध्यानात ठेवावे.

बीटी कापूस देशात २००२ साली आला. पण अळी त्याला सरावली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने मोठे नुकसान सोसले. शेतकऱ्याने फरदड न घेता डिसेंबरअखेर पीक संपवावे, मिटलेल्या गुलाबासारखी डोमकळी तोडून नष्ट करावी. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ पतंग आले की फवारणी करावी.

आपल्यावरही जबाबदारी आहे. जिनिंगच्या आवारात सरकी व कचरा पडून राहिला, की त्यातूनच पतंग आसपासच्या शेतांत जातात. माल वेळेवर हलवा, कचरा नष्ट करा, आवारात सापळे लावा. शेतकऱ्याचे बोंड वाचले, तरच आपला धंदा वाचेल.