नाव ठाऊक नसलेला डास

‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ ‘दूषित हवा’. मराठीतील ‘हिवताप’ हा शब्द रोगाचे लक्षण सांगून थांबतो. ‘मलेरिया’ कारण सांगू पाहतो, आणि तेच चुकीचे आहे. ते खोटे ठरविण्यास झटणाऱ्या रोनाल्ड रॉस यांची अडचणही काही अंशी नामकरणाचीच होती. १८९५ पासून सिकंदराबादेस ते डासांचे विच्छेदन करीत. परंतु जातींची शास्त्रीय माहिती नसल्याने ‘करडे’, ‘तपकिरी’ अशा कामचलाऊ नावांवरच त्यांना भागवावे लागे. बराच काळ भलत्याच जाती तपासण्यात गेला. अखेर २० ऑगस्ट १८९७ रोजी, हुसेन खान या रुग्णाचे रक्त प्यालेल्या ‘ठिपकेदार पंखांच्या’ डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे काळे रंगद्रव्य असलेल्या पेशी त्यांना आढळल्या. तो डास म्हणजे ॲनॉफिलीस होय. पुढील वर्षी कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचे जंतू डासाच्या लाळग्रंथींत पोचतात हे दाखविले. माणसाविषयीची सिद्धता इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली.

जातीची ही ओळख केवळ ग्रंथालयापुरती नव्हे. घरोघरचा क्युलेक्स गटारात वाढतो, ॲनॉफिलीस बहुधा स्वच्छ, संथ पाण्यात. तेव्हा गटारे कितीही उपसली तरी हिवताप हटेलच असे नाही. मुंबईत बेंटली यांनी १९११ च्या अहवालात बोट ठेवले ते विहिरींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर.