पहिली मॅरेथॉन

तंजावर ते कुंभकोणम हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. मॅरेथॉन शर्यत याहून थोडी लांब, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची असते. शरीरात साठविलेली शर्करा साधारणतः ३० किलोमीटरनंतर संपत येते. पाय जड होतात आणि धैर्य खचू लागते. म्हणून नवशिक्याने कित्येक महिने संथ गतीने दीर्घ अंतरे धावून स्नायूंना मेद वापरण्याची सवय लावावी. महानगरात यासाठी पहाटेची वेळ उत्तम. तेव्हा ऊन व वाहने कमी असतात. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ही शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती. सदाशिव दातार यांना ती पुरी करता आली नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले मात्र एकोणिसावे आले.